कावळ्याने मागितलेली खोली

प्रिय आई,

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. सकाळीच वन्सं खोपोलीहून येतील, चपला काढायच्या आधी मागच्या खोलीचं दार ढकलतील आणि घर डोक्यावर घेतील. त्यांच्या तोंडून तुम्हाला काहीबाही कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहायला बसले. आपलं असंच होतं ना? तुमच्या लेकीने चुगली करायच्या आत मीच येऊन सांगायचे, "आई, दुधाचं पातेलं मी करपवलं." आणि तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "करपंल नायतर काय करंल, दूध हाय ते."

तर ऐका. तुमची खोली मी मोडली. पोरांना दिली. आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाहीये!

रागवायचं असेल तर खुशाल रागवा, पण आधी सगळं ऐकून घ्या.

दहिवलीच्या जागेवर घराची आखणी झाली तो दिवस आठवतो का? जमिनीवर चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या. हे कंपनीत ड्युटीवर. तुम्ही आर्याला आणि सोहमला हाताला धरून त्या रेघांमधून फिरत होतात, "ह्यो हॉल, हितं गॅस, हितं तुजा बा घोरंल," असं दाखवत. मागच्या छोट्या चौकोनात जाऊन थांबलात आणि म्हणालात, "ही पोरांची. खिडकी डोंगराकडं काढा गं, माथेरान दिसंल त्यांना." मी विचारलं, "आणि तुमची खोली?" तर पदर तोंडाला लावून हसलात. "मला काय करायची हाय खोली? मी आपली पडंन गॅसजवळ."

हे ऐकायला मी होते आणि पोरं होती. आता सुनेचं आणि पोरांचं खरं कोण धरतंय!

भिंती उठायच्या आत तुम्ही गेलात. इतकी कसली घाई होती हो? लाद्या बघायला तरी थांबायचं होतंत. लाद्यांचा रंग तुम्हीच पसंत केला होतात, आणि तो मला अजिबात आवडला नव्हता.

दहाव्याला उल्हास नदीच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर कावळे ढिगाने बसलेले, पण एक खाली येईल तर शपथ. सगळे हात जोडून उभे. ह्यांनी सांगितलं, "आई, पोरांना शिकवीन." नाही. "आई, घर पुरं करीन." नाही. चुलत सासरे म्हणाले, "वयनी, जमिनीवरून भांडणार नाय." ते ऐकून तर एक कावळा उडूनच गेला. गुरुजी घड्याळ बघायला लागले. तेवढ्यात वन्सं गर्दीतून धावत पुढे गेल्या आणि मोठ्याने रडत म्हणाल्या, "आई गं, नव्या घरात तुजी खोली ठेवू! तुजा पलंग मांडू, कुणाला त्याच्यावर निजू देणार नाय!"

आणि आला की हो कावळा! सरळ पिंडावर.

"बघा, खोलीत जीव अडकला होता बिचारीचा," सगळे म्हणाले. मी मागे बायकांत, एका कडेला उभी होते. मला काय दिसलं सांगू? पिंडाच्या पलीकडे दगडाच्या आडोशाला एक पिवळं कुत्रं अंग टाकून पडलं होतं. पुढे उभ्या असलेल्यांना ते दिसत नव्हतं. वन्सं धावत आल्या तसं ते दचकून उठलं आणि नदीकडे पळालं. कुत्रं गेलं म्हणून कावळा आला, आई! पण दहाव्याच्या ठिकाणी हे बोलायचं कुणी? सुनेने? मग सून कसली, कैदाशीणच म्हटली असती लोकांनी.

तेव्हापासून घरात माझा शब्द एकीकडे आणि कावळ्याचा शब्द एकीकडे. सगळ्यांनी कावळ्याचं ऐकलं.

मला राग कशाचा येतो सांगू? त्या पलंगाचा. तुमच्या वडिलांनी लग्नात दिलेला सागवानी पलंग. लग्न होऊन आले त्या दिवसापासून तुम्हाला त्यावर झोपलेलं मी एकदाही पाहिलं नाही. त्यावर मामंजी झोपले, पाहुणे झोपले, मामंजी गेल्यावर तांदळाच्या गोण्या झोपल्या. तुम्ही खाली, स्वयंपाकघरात, गोधडीवर. जिवंतपणी जमीन आणि मेल्यावर सागवान? ही कुठली रीत! आणि तुम्ही तरी कधी बोललात का? एकदा, फक्त एकदा म्हणायचं होतंत, "गोण्या हलवा, मला पाठ टेकायची हाय." मी एकटीने हलवल्या असत्या.

घर झालं. वर्षाच्या आत वास्तुशांत नको म्हणून दूध उतू घालवून राहायला आलो. मागच्या खोलीत तुमचा पलंग, त्यावर पांढरी चादर, भिंतीवर हार घातलेला तुमचा फोटो आणि दाराला बाहेरून कडी. रोज संध्याकाळी कडी काढायची, उदबत्ती लावायची, कडी घालायची. माथेरानचा डोंगर खिडकीबाहेर आणि बघायला कुणी नाही.

पोरं हॉलमध्ये. सोहमचं काय, तो कुठेही लवंडतो. पण आर्याला तेरावं वर्ष लागलं, आई. तुम्ही गेल्यावर पोरगी मोठी झाली. अभ्यास टीव्हीसमोर, झोप सोफ्यावर, कपडे बदलायला बाथरूम. कुणी आलं की तिने दप्तर गोळा करायचं, आणि सगळे म्हणणार, "जरा आत जा गं." आत म्हणजे कुठे, ते कुणी सांगायचं नाही.

ह्यांच्याशी किती डोकं फोडलं! हे म्हणायचे, "माझा कुठं विश्वास हाय? पण शिवलाय ना तो." विश्वास नाही आणि भीती आहे, अशा माणसापुढे काय बोलणार? तुमचाच लेक. तुम्हीच निस्तरा.

मग एके दिवशी ह्यांच्या कंपनीतली माणसं आली. मी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले, तर सिलिंडरला पाठ टेकून, तुमची गोधडी अंथरून, गुडघ्यावर वही घेऊन आर्या बसलेली. मी म्हटलं, "अगं, इथे काय करतेस?" म्हणाली, "आजी पण गॅसजवळच असायची ना? आता ही जागा मोकळीच हाय."

सहज म्हणाली हो! रडली असती, आदळआपट केली असती तर बरं वाटलं असतं. सासू गेली, नात त्याच जागेवर येऊन बसली, आणि मधे उभी मी, हातात साखरेचा डबा घेऊन. त्या चहात साखर पडली की नाही, देव जाणे. ट्रे पाहुण्यांसमोर आदळला, मागे गेले आणि कडी काढली. ती काढली ती काढलीच.

पाहुणे गेल्यावर हे म्हणाले, "आईला शब्द दिलाय आपण."

"पाळते ना शब्द. आईंची खोली राहील, आईंचा पलंगही राहील. झोपतील पोरं."

"कुणाला निजू देणार नाय, असं ताई बोलली होती."

"ताई बोलल्या, मी नाही. मी आईंना आधीच विचारलंय. चुन्याच्या रेघांत उभं राहून विचारलंय!"

ह्यांनी पाहुण्यांचे कप उचलले आणि मोरीत नेऊन ठेवले. कावळ्याला घाबरणारा माणूस बायकोलाही थोडा घाबरतो, एवढं बरं आहे.

आता खोली करायची तर हातात काय होतं? घराने सगळं गिळलेलं. मग तुमच्याच शिकवणीवर चालले. आधी घरात काय आहे ते बघायचं, मग बाजाराची पिशवी उचलायची.

मी ज्या फार्महाऊसवर साफसफाईची देखरेख करते, तिथे मुंबईच्या मालकांच्या मुलांसाठी एक खोली आहे. मोटारीच्या आकाराचा पलंग, छताला चांदण्या. मुलं येतात वर्षाकाठी चार दिवस, बाकी त्या चांदण्यांवरची जळमटं मी काढते. तिथलं रंगकाम झालं तेव्हा उरलेले डबे मागून आणले. पिवळा, निळा, पांढरा, आणि एकही एका भिंतीला पुरेना. सगळे एका बादलीत ओतले आणि काठीने ढवळले. जो रंग झाला तो बघून हे म्हणाले, "काकडीचं रायतं केलंस काय?" सोहम म्हणाला, "भारी हाय!" संपला विषय. दोघा पोरांनी आणि मी मिळून मारला. कोपऱ्यात सोहमच्या हाताचे पंजे उमटलेत, ते मुद्दाम ठेवलेत.

जुन्या घराचं स्वयंपाकघराचं दार आठवतं? ज्याला टेकून तुम्ही तांदूळ निवडायचात. ते आडवं करून खिडकीखाली बसवलं, अभ्यासाचं टेबल झालं. तुमच्या डोक्याच्या तेलाचा डाग किती घासला, जात नाही. राहू दे तिथेच. तुमची दोन सुती लुगडी फाडली. हो, फाडली! नऊवार कापड ट्रंकेत ठेवून वाळवीला घालायचं होतं का? एकाचा खिडकीला पडदा झाला, दुसऱ्याचा दोन पलंगांच्या मधे, आर्याच्या बाजूने ओढायचा. शिळफाट्याच्या बाजारातून आणल्या त्या फक्त पडद्याच्या नळ्या.

दोन पलंग कुठून आले, विचारा की!

सुताराला बोलावलं आणि म्हटलं, हा मोठा पलंग मधोमध कापून दोन अरुंद करा. तो हात मागे घेऊन उभा. "मयताच्या पलंगाला करवत लावायची नाय वयनी. आमच्यात नाय चालत."

मी म्हटलं, "मयत त्याच्यावर कधी झोपलंच नाही हो! तांदूळ झोपला. तांदळाचं कसलं सुतक?"

तो हसला, पण करवत उचलेना. मग मी उचलली. पहिला काप मी घातला, आई, वाकडा घातला. वीतभर जाता जाता खांद्यातून कळ आली आणि डोळ्यांतून पाणी. ते दमल्याचं होतं की तुमचं, ते मला विचारू नका. सुतार म्हणाला, "सोडा वयनी, लाकूड वाया घालवाल," आणि पुढचं त्याने केलं. काय लाकूड निघालं म्हणून सांगू! आतून मधासारखं, वास अजून ताजा. इतकी वर्षं गोण्यांखाली दाबून ठेवलेलं.

पोरांनी अंग टाकलं आणि सोहम म्हणाला, "आजीनं आपल्यासाठीच ठेवला व्हता ना?" मी म्हटलं, हो. खोटं बोलले का मी? सांगा.

शेवटी सुताराला म्हटलं, दाराची बाहेरची कडी काढा आणि आतून लावा. लावली त्या संध्याकाळी आर्या आत गेली आणि कडी घातली. बराच वेळ बाहेर आली नाही. मी दाराशी कान लावला, तर काही नाही, पंखा आणि गुणगुणणं. ह्यांनी विचारलं, "काय करतेय आत?" मी म्हटलं, "काही करत नाहीये. तेच तर पाहिजे होतं."

तर आई, असं आहे सगळं. फोटो तुमचा तिथेच आहे, खिडकीसमोर. आता निदान तुम्हाला तरी डोंगर दिसतो.

उद्या गच्चीवर तुमचं पान ठेवीन. वालाचं बिरडं करतेय, तुम्हाला लागतं तसं, खोबरं जास्त घालून. कावळा आला तर त्याने जेवावं आणि जावं. नाही आला तर गुरुजी दर्भाचा कावळा करतील. पण उद्या झाडावरचे सगळे कावळे रुसून बसले, तरी हात जोडून खोली परत देते म्हणणार नाही. ही खोली तुम्ही दिलीत, मी ऐकलंय, आणि माझे कान त्याच्या चोचीपेक्षा कमी नाहीत.

आणि वन्सं? त्या रडतील, ओरडतील, मला नाही नाही ते बोलतील. बोलू देत. लग्न होईपर्यंत त्याही तुमच्या शेजारी त्याच जमिनीवर झोपल्या, हे त्यांनीच मला एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं होतं. त्यांना कुणी खोली दिली? त्या दिवशी नदीवर त्या जे ओरडल्या, ते नुसतं तुमच्यासाठी नसावं, असं मला आता वाटतं.

म्हणून तुम्हाला शब्द देते, आणि हा कावळ्याने ऐकायची गरज नाही. वन्संचं ओरडून झालं की मी त्यांच्याशी भांडणार नाही. हाताला धरून त्यांना आर्याच्या पलंगावर बसवीन, बाहेर येईन, दार ओढून घेईन आणि सांगेन, "वन्सं, आतून कडी लावा. जेवायला हाक मारेपर्यंत कुणी येणार नाही."

तुमचं न ऐकता तुमचंच ऐकणारी,
तुमची सून
सुनंदा