स्टोअरला पाणी कशाला?

सोमवार, ८ जानेवारी २०२४

गंगापूर रोडला त्या मॅडमच्या ऑफिसात आज तीन तास गेले. नव्या घराचा प्लॅन दाखवला. शुभांगी मॅडम नाव. आमच्या धाकट्या रोहितपेक्षाही लहान असेल. कागद एवढा मोठा की टेबलाखाली लोंबत होता, आणि सगळं इंग्रजीत! मी सातवी पास. थोरला महेश वाचून दाखवत होता, तेही पळत पळत. "हा हॉल, हे किचन, ही नाना-आईंची बेडरूम, मागं स्टोअर, वर आमच्या खोल्या. झालं!" — झालं काय! चाळीस वर्षं मळ्यात पत्र्याच्या चार खोल्यांत काढली. आता घर बांधताय तर सावकाश तरी सांगा.

मी विचारलं, दरवाजा कुठंय? मॅडम म्हणाली, "काका, हे पाव गोलासारखं दिसतं ना, तो दरवाजा." मला तो विळा वाटला होता. रोहित हसला. हसू दे.

बुधवार, १० जानेवारी

मॅडमनं दुसरा कागद दिलाय, पाइपांचा. तो मात्र मला कळतो. निळी रेघ पाण्याची, तपकिरी सांडपाण्याची. मखमलाबादच्या निम्म्या मळ्यांत ठिबक मीच टाकलंय, स्वतःची फुलशेती सांभाळून. पाइप बघितला की तो कशासाठी आलाय ते मला सांगावं लागत नाही.

निळी रेघ आमच्या खोलीमागच्या स्टोअरमध्ये जाते. तपकिरी तिथून बाहेर निघते. स्टोअरला पाणी कशाला? पोती धुणार आहेत?

मग पहिला कागद पुन्हा काढला. स्टोअरच्या भिंतीला लागून एक पट्टी आहे. किचनमध्येही तशीच आहे. काडीनं मोजली. रुंदी एकच. म्हणजे ओटा!

दुसरं स्वयंपाकघर आहे ते. आमच्या खोलीला लागून. म्हणजे आम्हा दोघांना वेगळं काढायचं ठरलंय, आणि तोंडावर सांगायची हिंमत नाही म्हणून स्टोअर म्हणतात.

गुरुवार, ११ जानेवारी

शेजारच्या मळ्यातल्या गोटीरामचं डोळ्यासमोरून जात नाही. त्यालाही पोरांनी असंच पडवीत गॅस लावून दिला. "तात्या, तुमच्या सोयीसाठी." पहिल्या वर्षी सणाला तरी एकत्र बसायचे. आता सणालाही ताट झाकून पाठवतात. बायको गेल्यावर तो एकटा उभ्या उभ्या जेवतो, मी बघितलंय.

नको. माझ्या घरात नको.

शुक्रवार, १२ जानेवारी

महेशला सरळ विचारलं.

"नाना, स्टोअर आहे ते. खत, कॅरेट, तुमची पाइपं."

"मग नळ?"

"हात धुवायला असेल. मॅडमला विचारा ना! मला आत्ता मार्केटला गाडी न्यायचीय."

रोहित मध्येच — "नाना, तुम्हाला स्पेशल हॉटेल काढून देतोय." याला प्रत्येक गोष्टीची थट्टा!

मॅडमला फोन केला. ती जरा अडखळली. "काका, घरच्यांनीच सांगितलंय तसं." कोणी सांगितलं? "घरच्यांनीच." आणि दुसरा फोन येतोय म्हणून ठेवून दिला.

घरचे म्हणजे कोण? मी कोण मग?

सोमवार, १५ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घ्या, गोड बोला — आणि मी काय बोललो! लिहायलाही लाज वाटते, पण बोललो ते खरंच वाटत होतं.

सगळे जेवायला बसलो होतो. सून प्रतिभा पोळी वाढत होती. मी म्हणालो, "वाढून घे बाई, पुढच्या वर्षी आमचं ताट तुला वाढावं लागणार नाही." तिला कळेना. मग सगळंच बोललो. ओटा, पाइप, गोटीराम. तिच्या हातातली पोळी तशीच राहिली.

"नाना, हे तुम्ही मला म्हणताय? आईंचा हात मोडला तेव्हापासून तीन वर्षं झाली, मी त्यांना गॅसजवळ येऊ देत नाही. पाण्याचा तांब्या उचलू देत नाही. आणि मी त्यांना वेगळं काढीन?" रडली. आत गेली.

महेश ताटावरून उठला. ही मात्र खाली बघून भात कालवत बसली. नवऱ्याची बाजू घ्यावी की सुनेची, काहीच नाही. शेवटी एवढंच, "सणावाराचं शोभतं का हे?"

मंगळवार, १६ जानेवारी

प्रतिभा चहा ठेवून जाते. बोलत नाही.

शनिवार, २० जानेवारी

जागा माझ्या नावावर आहे. महापालिकेच्या कागदांवर सही माझी लागते. आज महेशनं कागद पुढं केले. मी पेन बाजूला ठेवलं. आधी ती खोली खोडा, मग सही.

"नाना, एका स्टोअरवरून पूर्ण घर अडवणार तुम्ही?"

"स्टोअर नाही ते."

"मग काय आहे, बॉम्ब?" दार आपटून गेला.

ही दुपारी वाती वळत बसली होती. म्हणाली, "राहू द्या ना ती खोली. खाते का तुम्हाला?" मी म्हणालो, तुला कळत नाही, गप्प बस. गोटीरामची बायकोही असंच म्हणाली असेल सुरुवातीला. बायकांना पुढचं दिसत नाही.

डोकं दुखतंय. बीपीची गोळी सकाळी घेतली की नाही तेही आठवत नाही.

मंगळवार, २३ जानेवारी

सहीचे कागद टेबलावर तसेच पडून आहेत. मी हात लावला नाही.

शनिवार, २७ जानेवारी

जिंकलो.

मॅडम स्वतः मळ्यावर आली, नवा कागद घेऊन. स्टोअर गेलं. तेवढी आमची खोली मोठी झाली, खिडकीही मोठी. मी पाइपांचा कागद आधी तपासला. निळी रेघ नाही, तपकिरी नाही. मॅडमनं हिला विचारलं, "आजी, चालेल ना तुम्हाला?" (मी काका आणि ही आजी! काय हिशोब आहे पोरीचा.) ही म्हणाली, "त्यांचं घर, त्यांची सही. मला काय विचारतेस?"

सही केली. तीन ठिकाणी. मॅडम म्हणाली, सोमवारी सकाळी दाखल करते.

आज किती दिवसांनी पोटभर जेवलो. प्रतिभाला म्हणालो, वांगं छान झालंय. "हं," म्हणाली. हंसुद्धा चालेल.

रविवार, २८ जानेवारी

ती खोली हिनंच मागितली होती. मॅडम मापं घ्यायला आली होती त्या दिवशी. आणि कोणाला सांगू नकोस म्हणाली होती.

आज सांगितलं, लसूण सोलता सोलता, माझ्याकडं न बघता. "तीन वर्षं मी चहासुद्धा मागून पिते. प्रतिभा लय चांगली हाय, म्हणून तर तिला बोलता येत नाय. मला माझा ओटा पाहिजे होता. तुमचं काय, तुम्ही खुशाल पोरांत बसून जेवा की!"

मला विचारायचं होतंस, म्हणालो.

"विचारलं असतं तर?"

मॅडमला चार वेळा फोन लावला. रविवार आहे. उचलत नाही.