फूटभर माती सुनेच्या नावे

मी, खाली सही करणारी, सत्तरी ओलांडलेली, धंदा शेती व दूध, हे स्वखुशीने लिहून ठेवते. पोटातली गाठ आता हटायची नाही, पण डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून भुलवलेलेही नाही. यापूर्वी असा कागद मी केलेला नाही.

एक. जमीन. वाटणीत थोरल्या दिरांनी ओढ्याकाठचे रान स्वतःकडे ठेवले आणि आम्हा नवराबायकोला उघडाबोडका माळ दिला. नांगराचा फाळ लागला की ठिणगी उडायची. आम्ही दोन गाई आणल्या. बांधांवर गवत लावले, ते गाईंना. गाईंचे शेण, मूत, पायाखालचा भुसा, सारे रानाला. बाजरी, तूर, कुळीथ आलटून पालटून. पिकाची ताटे पेटवायची नाहीत, जनावर मोकाट सोडायचे नाही, आणि रान पोसेल त्याहून एक गाय जास्त बांधायची नाही, हा माझ्या नवऱ्याचा नियम. पहिली काही वर्षे पिकापेक्षा लोकांचे टोमणेच जास्त उगवले. मग एका उन्हाळ्यात खुरपे टोचले तर खाली ओल लागली, आणि एक गांडूळ. नवऱ्याने ते तळहातावर घेऊन मला दाखवले. पहिला मुलगा झाला तेव्हाही तो इतका फुगला नव्हता.

ही सर्व जमीन, विहीर, गोठा व गाईंसह, मी थोरल्या सुनेला देते. कारण लिहिणे भाग आहे, म्हणजे उद्या कोणी म्हातारी चळली होती असे म्हणू नये.

शेणमुताच्या खड्ड्यात कालवड पडली. नवरा तिला काढायला उतरला आणि आतल्या विषारी वायूने जागीच कोसळला. थोरला मुलगा "बाबा!" म्हणून ओरडला आणि मागोमाग उतरला. सुनेने मला कमरेला मिठी मारून धरले, नाहीतर मीही गेले असते. बाहेर काढले तेव्हा कोणातच जीव नव्हता.

संध्याकाळी दोघांना पडवीत झाकून ठेवले होते. तिकडे गाई हंबरू लागल्या, सडांतून दूध गळू लागले. सून उठली, बादली घेतली. तिची आई म्हणाली, "अगं, आज तरी?"

"त्यांना काय कळतंय आई, आज काय झालंय ते?"

धार काढताना ती रडली. त्याआधी नाही.

तिने पुढे दुसरा संसार मांडला तरी जमीन तिचीच राहील.

दोन. खड्ड्यावर बसवलेली लोखंडी जाळी गंजली की लगेच बदलावी. आत कोणीही पडो, वरच्याने उतरू नये. आधी माणसे बोलवावीत.

तीन. धाकट्या मुलाला जमीन नाही. तो राहतो ते शहरातले घर त्याचेच. मागच्या हिवाळ्यात तो वीटभट्टीवाल्याला घेऊन आला. त्या माणसाने रानात सळई खुपसली आणि खूश झाला.

धाकटा म्हणाला, "आई, विटांसाठी वरची फूटभर मातीच नेतील. खाली जमीन राहतेच की."

"खाली तुझ्या काकांनी दिलेला माळ आहे."

"या मातीनं बाबांना खाल्लं. दादालाही."

तरी ती माती कोणी विकायची नाही.

चार. कडबाकुट्टीचे जुने यंत्र शेजारणीला. दोघे गेले त्या दिवसांत तिने न सांगता येऊन चारा कापला.

पाच. थोरल्या दिरांना काही नाही. पाणी देऊन देऊन त्यांच्या रानात आता मीठ फुटले आहे. शेणखत मागायला आले तर सुनेने पाटीभर द्यावे, पण पाटी त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून न्यावी.

सहा. गोठ्यालगतची खोली धाकट्यासाठी मोकळी ठेवावी. वकिलांनी हे सगळे वाचून दाखवले तेव्हा तो हजर होता. म्हणाला, "खोली कशाला?"

"कधी परत आलास तर."

सून म्हणाली, "भावजी, इथं दोन हात कायम कमीच पडतात."

तो उठला आणि गोठ्याकडे न बघता निघून गेला. वकिलांनी मला विचारले, "हे कलम खोडू का?"

नको. राहू द्या.

मजकूर ऐकून, समजून, दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली.

सही: लिहून ठेवणार
साक्षीदार: १. डेअरीवर दूध मोजणाऱ्या बाई २. जनावरांचे डॉक्टर
ठिकाण: राहते घर
तारीख: शिक्क्यावर आहे तीच, तूर झोडून संपली तो सोमवार