मास्तरीणबाईंच्या वीस फेऱ्या

प्रिय शेंडेफळा,

फोन असताना बाबा पत्र कशाला लिहितात, असं वाटेल तुला. पण फोनवर तू माझा गुडघा विचारतेस, मी तुझं जेवण विचारतो, आणि तेवढ्यात आईचा हात फोनकडे येतो. लांबण लावायची तर पत्रच बरं. गुडघा ठीक आहे.

गेल्या आठवड्यापर्यंत आमच्या प्रयोगशाळेत बोलबाला होता तो मास्तरीणबाईंचा. आमच्या तीन कोंबड्यांमधली ही ठिपक्यांची. मान ताठ, पाऊल मोजून टाकणार, आणि बघते अशी की आपणच बाकावर उभं राहावं. बाकीच्या दोघी नुसत्या पाट्या टाकतात. तिचं काम तुला मी कधी नीट सांगितलंच नाही. लाकडी खोक्यात शेजारी शेजारी दोन स्क्रीन. एकावर काळ्या-पांढऱ्या रेघा, दुसरा नुसता करडा. रेघांवर चोच मारली की मक्याचा एक दाणा पडतो. करड्यावर मारली तर काही नाही, सहा सेकंद गप्प उभं राहायचं. अशा रोज वीस फेऱ्या. प्रयोग ज्यांचा, त्या आमच्या मॅडम दर आठवड्याला रेघा बारीक करत नेतात. जिथे कोंबडी गोंधळली, तिथे तिची नजर संपली. रेघा कोणत्या बाजूला दाखवायच्या, दाणा कधी सोडायचा, चोच किती वेळानं लागली ते टिपायचं, हे सगळं माझा प्रोग्रॅम करतो. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माणसानं चाळिशीत रद्दीतल्या पुस्तकांवरून शिकून लिहिलेल्या अकराशे चाळीस ओळी. करड्याचा उजेड आणि रेघांचा सरासरी उजेड तंतोतंत सारखा हवा, नाहीतर कोंबडी रेघा न बघता उजेड बघून पास होते. तो मी प्रत्येक स्क्रीनवर नऊ ठिकाणी मीटर लावून जुळवला आहे. मॅडमनी पाच सांगितली होती.

तर बाईंनी कमाल केली. चष्मा लावून, नाक टेकवूनही मला दिसेनात इतक्या बारीक रेघा झाल्या, तरी बाईंची चोच बरोबर. कोंबडीची अशी नजर कोणी ऐकली नव्हती. लेख लिहून झाला, पाठवायची तारीख ठरली, आणि त्यावर चौथं नाव माझं. वरची तीन नावं पदव्यांनी मढलेली आणि खाली मी, उघडाबोडका. आईनं शेजारच्या काकूंना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा मीच सांगायला लावलं, आता लपवून काय उपयोग.

आणि मंगळवारी मी धूळ पुसताना स्क्रीनचं बटण बंद केलं आणि विसरलो. खोक्यातला छोटा दिवा तेवढा चालू. प्रोग्रॅम सुरू करून चहाला गेलो, परत येऊन बघतो तर दोन्ही स्क्रीन काळेठिक्कर आणि बाई निवांत दाणे टिपताहेत. वीसपैकी एकोणीस बरोबर. अंधाराकडे बघून.

पहिली शंका अर्थातच मी दुसऱ्यांवर घेतली. दाण्याच्या डब्याची खरखर ऐकत असेल, म्हणून डबा दुसऱ्या खोलीत नेऊन नळीनं दाणा सोडला. मक्याचा वास येत असेल, म्हणून दोन्हीकडे मका ठेवून पाहिला. उपयोग शून्य, बाई एकोणीसवर ठाम. मग सात महिन्यांचे कागद जमिनीवर अंथरले आणि गुडघा विसरून त्यांच्यामध्ये बसलो. सोमवारी डावी, उजवी, उजवी, डावी, उजवी. मंगळवारी डावी, उजवी, उजवी, डावी, उजवी. बुधवारीही तेच. सात महिने रोज तेच. बाईंची नजर वगैरे काही नाही गं. बाईंनी पाठांतर केलं होतं.

बाजू रोज नव्यानं पिसून निघायला हवी, पत्त्यांसारखी. पण चाचणी घेताना सोय म्हणून मी पिसण्याची सुरुवात एका ठरावीक आकड्यावर बांधून ठेवली होती. रोज तोच आकडा, म्हणून रोज तेच पत्ते. चाचणी संपल्यावर तो काढायचा, तो राहिला.

आता तुला आठवलं असेल. मागच्या सुट्टीत तू माझ्या खुर्चीमागे उभी होतीस आणि त्याच आकड्यावर बोट ठेवून हा इथे कशाला, असं विचारलंस. मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं, इथे लिहीत नाही, आई हे पत्र वाचणार आहे. कॉलेजात चार वर्षं बाक झिजवून कामाची अक्कल येत नाही, असा त्याचा साधारण अर्थ. तेव्हापासून तू माझ्या कामाबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. मी ते मोजत होतो, मला सवयच आहे मोजायची.

बुधवारी मॅडमना सांगितलं. दोन दिवस गप्प बसलो असतो तर लेख गेला असता आणि चौथं नाव छापून आलं असतं, कोणाच्या बापाला कळलं नसतं. पण सात महिने कोंबडीला कविता पाठ करायला लावून तिला नजर म्हणणं माझ्यानं होईना. मॅडमनी सोमवारचा कागद मंगळवारच्या कागदाशेजारी धरून ओळ न् ओळ ताडून पाहिली. मग एवढंच विचारलं, “तुमचा प्रोग्रॅम कधी कोणी तपासला होता का?”

मी म्हटलं, “माझ्या मुलीनं. चूक तिला दिसली होती, मी ऐकलं नाही.”

लेख मागे घेतला, नाव गेलं. मॅडम ओरडल्या नाहीत, उलट अंधारातल्या एकोणीसवर इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. बाईंनाच या लेखावर नाव द्यायला हवं होतं, म्हणाल्या. येत्या पहिल्या तारखेपासून सगळं मुळापासून. आकडा काढून टाकला आहे. काढल्यावर सहज घेतलेल्या वीस फेऱ्यांत बाईंची अकराच बरोबर आली, आणि सहा सेकंद गप्प उभं राहणं किती अपमानाचं असतं ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

सोबत अकराशे एकोणचाळीस ओळी छापून पाठवतो आहे. अकरा वर्षांत मी त्या कोणाच्या हातात दिल्या नाहीत, मॅडमच्याही नाहीत. तू म्हणत असशील, एक चूक सापडली, संपलं. पण जी मला सात महिने दिसली नाही तिच्या शेजारी आणखी किती बसल्या असतील, ते मला कळणार नाही. मला माझं सगळंच बरोबर दिसतं. पहिल्या तारखेच्या आत वाच, लाल पेननं खुणा कर, हात आखडता घेऊ नकोस. मी रागावणार नाही असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला, थोडा रागावेन. तरी कर.

तुझाच, कुणाचं न ऐकणारा,
बाबा