हात माझे, चेहरा बाईसाहेबांचा

सोमवार, ११ मार्च १९०७

चार तास उभी! डावा हात वर, हातात डाळिंब, अंगात लेडी व्हेरलचा रेशमी झगा. गळ्यापर्यंत सगळी मी — वरचा चेहरा तेवढा तिचा. तेवढ्यासाठीही बाईसाहेबांना सवड नाही. चित्रकार हॅलम म्हणतो, बड्या घरच्या बायकांची चित्रं अशीच होतात. होत असतील! माझ्या खांद्याला कोण विचारतंय?

चित्रात ती ग्रीक पुराणातली पर्सेफोनी. पाताळाच्या राजाने पळवून नेलेली. तिथलं डाळिंब खाल्लं म्हणून दरवर्षी परत जावं लागलं. तिच्या नवऱ्याची, व्हेरलसाहेबांची ताकीद — डाळिंब फोडलेलंच हवं.

बारा दिवस. मग लिस्बनची बोट! दोन हिवाळे अशी उभी राहून तिकीट काढलंय. चित्र पुरं करून जाईन असा शब्द देऊन बसले, मूर्ख!

बुधवार, १३ मार्च

आली एकदाची. वीस मिनिटं.

"हे फोडलं कुणी?"

"साहेबांची इच्छा, बाईसाहेब."

"मी अजून खाल्लेलं नाही. मिटवा ते."

मग हॅलमने रंगवलेले दाणे खरवडले. खालच्या दाराशी साहेबांचा माणूस घड्याळ बघत उभा. ती जाईल तिथे तो.

गुरुवार, १४ मार्च

साहेबांची चिठ्ठी. फोडा!

शनिवार, १६ मार्च

भूक लागली, खाल्लं डाळिंब. हॅलम किंचाळला, "अगं, ती वस्तू आहे, जेवण नव्हे!" मार्चात लंडनमध्ये दुसरं कुठून आणायचं? बाजारभर हिंडले, तेव्हा एक मिळालं. वाटेत एकाचा पोपट पोर्तुगीज बोलत होता, तिथे तासभर गेला. परतल्यावर पुन्हा बोलणी खाल्ली.

बुधवार, २० मार्च

डाळिंबाचं कळल्यावर बाईसाहेब खो खो हसल्या. "म्हणजे पाताळात तूच राहणार, हेट्टी!"

"मी? मी शनिवारी लिस्बनला चालले."

हसू थांबलं. "एकटी बाई? चढू देतात?"

"तिकीट दाखवलं की झालं."

"हरवलं तर?"

"कोटाच्या अस्तरात शिवलंय."

मग बोट किती वाजता, गाडी कुठून, समुद्र लागतो का — प्रश्नच प्रश्न! हॅलम वैतागला. "बाईसाहेब, हनुवटी!"

शुक्रवार, २२ मार्च

बुधवारी तिने पुन्हा मिटवायला लावलेलं डाळिंब हॅलमने तिसऱ्यांदा फोडलं. उद्या सकाळी तिची शेवटची बैठक, मग मी थेट बंदरावर. कंबर मोडली.

शनिवार, २३ मार्च

आज ती पापणीही न हलवता बसली. हॅलम खूश. ओठ तेवढे राहिले, तेव्हा म्हणाली, "जरा मागे जाऊन येते."

आली नाही. बघायला गेले — मागचं दार उघडं. खुंटीवर माझा कोट नाही. टोपी नाही. तिचा फरचा कोट तिथे, आणि खिशात अख्खं डाळिंब.

तेवढ्यात साहेबांचा माणूस वर धावत आला. "बाईसाहेब कुठायत? ए पोरी, बोल!"

बोट चारला सुटते. बंदरावर एक तार गेली असती तर तिकीट परत माझ्या हातात!

"मला काय विचारता? मी गळ्याखालची."

तो गेल्यावर हॅलमने मला तिच्या खुर्चीत बसवलं. मग कुंचला उचलला.

ओठ माझे काढले. मिटलेले.