स्टेटसचा रकाना

८ जून १९७४

नाही म्हणजे नाही! सही करणार नाही. वकीलसाहेबांच्या टेबलावरचं पेन उचललं, टोपण काढलं, कागद वाचला, टोपण लावलं आणि पेन परत ठेवलं. शालिकचे कान लाल! (तोंडावर मी त्यांना ‘अहो’ म्हणते. इथे शालिक. वही माझी आहे.)

प्रकरण असं. शालिकच्या आजोबांनी इंदोरा वस्तीत चार दुकानं बांधली. वाटणीत ती शालिककडे आली, त्यांचं भाडं येतं. वीज मंडळातला पगार वेगळा. फेब्रुवारीत आमचं लग्न झालं, म्हणून चंपतराव वकील म्हणाले, “आता तुमी कुटुंब झाले नं! भाड्याची फाईल अलग उघडू. टॅक्स बराच वाचते.” मीही खूश झाले होते. फॉर्मवर ‘स्टेटस’ नावाचा रकाना असतो. पगारासाठी तिथे लिहायचं ‘व्यक्ती’. आणि भाड्यासाठी — ‘हिंदू अविभक्त कुटुंब’. कर्ता: शालिकराम. सदस्य: सौ. प्रेमिला.

हिंदू. मी!

छप्पन साली मी आठ वर्षांची होते. कुही गावाहून इथे चालत आलो होतो, बौद्ध धम्माच्या दीक्षेला. आईने स्वतःचं पांढरं लुगडं फाडून माझा फ्रॉक शिवला होता. त्या दिवशी जे सोडलं ते आता टॅक्स वाचवायला परत घ्यायचं?

९ जून

शालिक म्हणतो, “कागदच तं होय. कागदावर काय, काही बी राहते.”

“मंग शाळेच्या दाखल्यावर बौद्ध लिहून घ्याले तीन चकरा काहून मारल्या होत्या तुमी?”

रात्री जेवताना दोघांनीही वरण दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

११ जून

मामाजी, म्हणजे सासरे, माझ्या बाजूने उभे राहतील याची मला खात्री होती. घरातले देव स्वतःच्या हाताने नदीत सोडून आलेला माणूस! पण म्हणाले, “पोरी, सरकारचे कायदे हायेत ते. सालाचे साडेसातशे रुपये काहून फेकून राहिली?”

साडेसातशे म्हणजे माझा दोन महिन्यांचा पगार. मला काय समजत नाही?

आत्याबाई, म्हणजे सासूबाई, भाकरी थापत होत्या. “शिकलेली सून म्हंजे घरातच कचेरी,” हे त्यांनी भाकरीलाच सांगितलं.

१५ जून

आज शाळेला अर्धी रजा टाकून एकटीच वकिलांकडे गेले. म्हटलं, भाड्यालाही ‘व्यक्ती’च लिहा. ते म्हणाले, “यंदा लिहू. पन आज ना उद्या टॅक्सचा साहेब इचारनच. वडिलोपार्जित दुकानं हायेत, लगन झालं. बाई, हिंदू कायदा बौद्धाले बी लागू हाय. तुमचं लगन बी त्याच कायद्यात धरतेत.”

म्हणजे पंचशील घेऊन, वंदना म्हणून केलेलं आमचं लग्नही! अंगाची लाही लाही झाली.

“यातून बाहेर पडायचा रस्ताच नाही काय?”

ते हसले. मग चष्मा पुसला आणि कपाटातून एक पातळ पुस्तक काढलं. रस्ता आहे! स्पेशल मॅरेज ॲक्ट. झालेलं लग्नसुद्धा तिथे नोंदवता येतं. नोंद झाली की कायदा नवऱ्याला अविभक्त कुटुंबातून वेगळा झालेला धरतो. मग दोन्ही उत्पन्नं ‘व्यक्ती’तच.

“पन टॅक्स पुरा लागन, बाई. दरसाल.”

“लागू द्या!”

एवढं ठणकावून बोलले खरी, पण जिना उतरताना साडेसातशे गुणिले दहा वर्षं हा हिशेब मांडत होते. खोटं कशाला लिहू?

१९ जून

‘कुटुंबातून वेगळा’ हे शब्द शालिकला फार लागले. एकुलता एक आहे. “मायले काय सांगू?” एवढंच म्हणाला. मीही माघार घेणार नाही.

२४ जून

सकाळी दाढी करता करता आरशातूनच म्हणाला, “चाल.”

मला वाटलं बाजारात. तर म्हणे, “तो कागद पुन्हा वाचला म्या. माह्या नावापुढं कर्ता लिवलं हाय. हिशेब तू ठेवतं, अकलेचं तू बोलतं, आन कर्ता मी? मलेच हासू आलं.”

गळ्यातच पडणार होते, पण साबण होता.

लग्न नोंदणीच्या कचेरीत अर्ज दिला. तिथला कारकून म्हणतो, “पळून आले काय?”

“नाही, सायकलवर आलो.”

आता तीस दिवस आमच्या नावाची नोटीस भिंतीवर राहणार.

२९ जून

रिटर्न भरला. व्यक्ती. टॅक्स पुरा. निम्मा मी दिला, हट्टाने.

७ जुलै

शेजारच्या सिंधूताईंनी नोटीस पाहिली. दारातूनच ओरडल्या, “तुहा लेक वेगळा निघाला म्हनते वं! सरकारी भिंतीवर कागद लागला!”

आत्याबाई जेवल्या नाहीत. संध्याकाळी माझ्यापुढे येऊन बसल्या. “का कमी केलं मी तुले? माह्या लेकाले तोडून राहिली तू?”

मला रडूच फुटलं. रडत रडतच सगळं सांगितलं. घर सोडून कुठे जात नाही, चूल एकच राहील, फक्त त्या कागदातून निघायचं आहे. तो शब्द, तो रकाना, कर्ता, सदस्य. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“मंग मी बी हावो काय तश्याच कागदात?”

“हो. मामाजी कर्ता. तुम्ही सदस्य.”

उठून नळावर गेल्या. बादली भरून वाहत होती तरी उभ्याच होत्या.

२५ जुलै

हरकत कोणाचीच आली नाही. उद्या सह्या. साक्षीदार तीन लागतात, आणि आमच्याकडे दोनच आहेत. माझ्या शाळेतली चारुलता आणि शालिकच्या ऑफिसातले मधुकरराव. मामाजींना विचारलं तर “पाहू” म्हणाले. नाही आले तर रस्त्यावरून कोणाला तरी धरून आणीन! पण वाईट वाटतंच. त्यांनीच यावं असं फार वाटतं.

२६ जुलै

सकाळी आम्ही निघालो तर आत्याबाई नवं पांढरं लुगडं नेसून फाटकापाशी उभ्या. मागे मामाजी, टोपी घालून.

मी म्हटलं, “आत्याबाई, साक्षीला येता?”

“साक्षीले हे येते. मले आमच्या लगनाचा फारम पायजे. तेरा वर्साची होती मी, कोनी इचारलं नाही. आता त्या साहेबाले म्हनाव, मले इचार.”

मामाजींनी टोपी काढून पुन्हा नीट घातली. मग म्हणाले, “दोन फारम घेजो, पोरी. इचा हात थरथरते. एखादा खराब झाला तं.”