वारंगुळ्याचे दोन महिने

मु. पो. गोरेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली
दि. २७ मार्च २०२५

प्रिय राधिका,

सप्रेम नमस्कार. आम्ही इकडं सगळे ठीक. हळद शिजवून झाली, अंगणभर वाळत घातलीय, पाय ठेवायला जागा नाही. माझे तळवे पिवळेजर्द झालेत. मायचे गुडघे दुखून राहिलेत, पण लेक डॉक्टर असून ती गोळी घेते ती मेडिकलवाल्याला विचारून. तुझे आईबाबा बरे असतील. तुझ्या धाकट्या भावाचं, स्वप्निलचं, एमबीबीएसचं शेवटचं वर्ष म्हणजे तुमच्याकडं सगळे त्याच्या भोवतीच नाचत असतील.

एवढं लिहून उठले, हळद एकदा हलवून आले.

तुझा मेसेज परवा आला. दोन वर्षांनी आला अन् आला तो एका ओळीचा. ‘स्वप्निल विचारतोय, बाहेरच्या रोटेशनचा मॅचला फायदा होतो का. खरं सांग.’ ना कशी आहेस, ना मेलीस का जगलीस! मला आधी रागच आला. मग वाटलं, राग यायचा हक्क आपला नाही. मेसेजवर उत्तर टाइप केलं, पुसलं, परत केलं. फोन तू उचलणार नाहीस हे ठाऊक आहे. म्हणून हा कागद. तुझे बाबा वाचतील, स्वप्निल वाचेल, म्हणून नीट फोड करून लिहिते. पण शेवटचं पान त्यांना द्यायचं का ते तू ठरव.

अमेरिकेत आपल्यासारखं एका परीक्षेच्या नंबरावर सीट मिळत नाही. परीक्षा द्याव्या लागतातच, वर दवाखाने अर्ज बघतात, मुलाखत घेतात. मग आपण आपल्या पसंतीची यादी द्यायची, ते त्यांची देतात, अन् मार्चमध्ये कॉम्प्युटर जोड्या लावतो. हा मॅच. आपल्याकडच्या लग्न जुळवण्यासारखंच, फक्त नकाराचं कारण कोणी सांगत नाही. अर्जाला जोर यावा म्हणून आधी महिना-दोन महिने तिथल्या एखाद्या दवाखान्यात जाऊन काम करून दाखवायचं अन् तिथल्या मोठ्या डॉक्टरचं शिफारसपत्र आणायचं. हे बाहेरचं रोटेशन.

तर फायदा होतो का? माझा निकाल सतरा तारखेला लागला. दुसऱ्या वर्षीही ‘नाही’. एक ओळ. सॉरी म्हणतात वरून! गावात कोणाला सांगितलं नाही. सुमनमावशी रोज कुंपणावरून विचारते, "वैष्णे, विमानात कदी बसायलीस?" मी म्हणते बसायचंय, बसायचंय. आणखी किती दिवस म्हणू?

चिडून चिडून डोकं फुटायची वेळ आली राधे. यूट्यूबवर एक एक पोरं बसलीत, ‘रोटेशन करा, सीट तुमचीच’. ज्यांना मिळालं तेच बोलतात. ज्यांना नाही मिळालं ते अंगणात हळद उलटीपालटी करून राहिलेत, त्यांचा व्हिडिओ कोण काढतंय?

पण तू खरं सांग म्हणालीस. तर ऐक, काय झालं ते.

दोन हजार बावीसच्या नोव्हेंबरात मी तिथं गेले. लहान मुलांचा वॉर्ड. मोठे डॉक्टर हॅरिस सर. तिथं सगळे त्यांना नुसत्या नावानं हाक मारत होते, माझी जीभच वळेना. आपल्याला काय शिकवलंय? मोठे आले की उठून उभं राहायचं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही, काम बोललं पाहिजे. मी पहाटे पाचला जायची. आमच्याकडच्या पाचही पेशंटचे रात्रभरातले ताप, रक्ताचे रिपोर्ट, किती दूध पिलं, किती लघवी झाली, सगळं बारीक अक्षरात काढून टेबलावर ठेवायची. नाव टाकायची नाही. आपणच आपलं नाव काय लिहायचं! माझ्यासोबत तिथलाच एक विद्यार्थी होता, ब्रायन. तो सातला यायचा, कागद उचलायचा अन् राउंडला खडाखडा म्हणून दाखवायचा. वाईट नव्हता बिचारा, त्याला वाटायचं नर्स ठेवते. मला थँक्यू म्हणून कॉफी द्यायचा अन् विचारायचा, तू एवढी गप्प काहून असतेस? म्हणजे इंग्रजीत विचारायचा.

मला मनात वाटायचं, हे तर वारंगुळ्यासारखं आहे. माझी माय अन् सुमनमावशी करतात तसं. आज मावशीच्या शेतात दोघींनी राबायचं, उद्या आपल्या शेतात. मजुरी नाही, कुठं लिहून ठेवणं नाही. अन् ‘माझे दिवस कधी फेडतेस’ असं तोंडानं विचारायचं तर मुळीच नाही, विचारलं तर त्यात भांडण. तू आमच्या घरी जेवलीस तेव्हा बघितलंस ना, दोघी एकमेकींना ओरडत कशा होत्या, पण दिवस कधी चुकला नाही. मला वाटलं मी हॅरिस सरांच्या शेतात राबून राहिले, ते माझ्या शेतात येतीलच. मी का म्हणून मागू?

शेवटच्या आठवड्यात निलमताईंनी मला बाजूला घेतलं. त्या तिथं निवासी डॉक्टर, मूळच्या अमरावतीच्या. म्हणाल्या, "पत्र मागितलंस का?"

मी म्हटलं, "देतीलच की. बघतात ना रोज."

त्या कपाळाला हात लावून हसल्या. "अगं बाई, इथं पहिल्या आठवड्यात सांगायचं असतं, मला पत्र हवंय, मी कुठं कमी पडते ते सांगा. ब्रायननं तिसऱ्या दिवशी मागितलं."

मग कसंबसं ईमेलवर मागितलं. पत्र मिळालं. ते आपल्याला वाचायला मिळत नाही, पण निलमताईंनी पुढं कधीतरी दबक्या आवाजात सांगितलं. वेळेवर येते, नम्र आहे. बस्स. चार ओळी. आपण वॉचमनला लिहून देतो तसं!

तरीही सांगते, फायदा झाला नाही असं नाही. पहिल्या वर्षी सव्वाशे ठिकाणी अर्ज केले, दोन मुलाखती आल्या, त्यातली एक हॅरिस सरांकडचीच. व्हिडिओवर होती. मी पांढरा कोट इस्त्री करून, म्हशीचा आवाज नको म्हणून गोठ्याकडची खिडकी लावून बसले. हॅरिस सर पडद्यावर आले, हसले, कागद बघितला अन् म्हणाले, "नाव ओळखीचं वाटतंय. आपण आधी भेटलोय का?"

दोन महिने, राधे. पहाटे पाच. आपण आधी भेटलोय का!

मी काय म्हणाले असेन? "येस सर." एवढंच. तिथं तरी सांगायचं होतं ना की तुमच्या वॉर्डातल्या त्या सात महिन्यांच्या बाळाची लघवी कमी झाली हे मी कागदावर लाल पेनानं लिहिलं होतं, म्हणून तुम्ही त्या दिवशी लवकर सलाइन लावलं. नाही सांगितलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी बोलावलंच नाही. ब्रायन आता तिथंच आहे.

म्हणजे स्वप्निलला सांग, दार उघडतं. आत गेल्यावर तुम्हाला कोणी बघितलं का, ह्याच्यावर पुढचं. त्याला तोंड आहे, तो माझ्यासारखा नाही, त्याला होईल. पहिल्या आठवड्यात पत्र मागायला सांग. स्वतःचं काम स्वतः उभं राहून सांगायला सांग. अन् जायच्या आधी त्याच्या इंटर्नशिपची ड्युटी कोण करणार ते विचार.

इथं खरं तर पत्र संपवायला पाहिजे होतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर झालं. आता शेवटचं पान.

सतरा तारखेला निकाल आल्यावर मी अंगणात येऊन आदळआपट केली. माय हळद पसरत होती. मी म्हटलं, "माय, मी दोन महिने त्या माणसाकडं राबले. घरच्या कामासारखी राबले. त्यानं माझे दिवस फेडले न्हाईत. माणूस हाय का दगड!"

माय खाली बघूनच हळद पसरत राहिली. मग म्हणाली, "त्याला काय म्हाईत आपला वारंगुळा. तुला तर म्हाईत व्हता ना? राधिकाचे दिस फेडलेस का?"

मी तिथंच बसले. हळदीत बसले.

तुला सगळं ठाऊक आहे, पण मी आजवर कधी तोंडानं बोलले नाही, म्हणून लिहिते. इंटर्नशिपच्या ग्रामीण पोस्टिंगला आपण दोघीच होतो. नोव्हेंबरभर तू माझ्या ड्युट्या केल्यास, माझ्या नावापुढं सह्या केल्यास. ठरलं होतं की एक डिसेंबरला मी येणार अन् मग डिसेंबर-जानेवारी मी दोघींचं बघणार, तू घरी बसून पीजीचा अभ्यास करणार. मार्चला तुझी परीक्षा. तुला बालरोगच पाहिजे होतं, पहिल्या वर्षापासून. मी एक डिसेंबरला आले नाही. तुला मेसेज केला, ‘इथल्यांनी थांबवून घेतलंय, नाही म्हणता येत नाही, थोडं सांभाळ.’ तू ‘बरं’ म्हणालीस. मी आले पाच जानेवारीला. आल्यावर महिनाभर जेट लॅग, तब्येत, अमुक-तमुक करत निम्म्या ड्युट्या परत तुझ्याच गळ्यात. तिथल्या अनुसयाबाई नर्सनं मला नंतर सांगितलं की डिसेंबरात तुला टायफॉइड झाला होता अन् तू सलाइनची सुई हातात ठेवूनच ओपीडी काढलीस. तू मला ते कधी सांगितलं नाहीस. परीक्षा गेली. तू बोलायची बंद झालीस, अन् मी पण गावभर सांगत फिरले की राधिकाला माझं अमेरिकेला जाणं सहन झालं नाही.

अन् जे तुला ठाऊक नाही ते हे. मला कोणी थांबवून घेतलं नव्हतं. दोन महिन्यांचा फॉर्म मी सप्टेंबरातच भरला होता. तुझ्यासोबत बसून एक डिसेंबर ठरवला, कॅलेंडरवर तू गोल केलास, चहा पिलो, तेव्हा माझं परतीचं तिकीट तीन जानेवारीचं होतं, बॅगेत होतं. दोन महिने म्हटलं तर तू नाही म्हणशील, एक म्हटलं तर हो म्हणशील, हा हिशोब मी केला होता. तू तर दोनलाही हो म्हणाली असतीस, हे आता कळतंय. विचारलंच नाही. तिथं मागायची लाज वाटत होती म्हणून मागितलं नाही अन् इथं न मागताच घेऊन टाकलं. मला माझीच शिसारी येते राधे.

माफी मागते असं लिहून खोडलं. तू माफ करशील, तुझा स्वभावच तसा आहे, मग माझं सुटलं अन् तुझं तिथंच राहिलं. ते नको.

तू आता नोकरी करतेस त्या आरोग्य केंद्रावर दुसऱ्या डॉक्टरची जागा दीड वर्षापासून रिकामी आहे, हे मला अनुसयाबाईंकडून कळलं. तू एकटी चोवीस तास, म्हणून गेल्या वर्षीही अभ्यास झाला नाही, हेही. माझी सरकारी कॉलेजच्या बंधपत्राची एक वर्षाची सेवा अजून द्यायचीच आहे. मी मंगळवारी हिंगोलीला जिल्हा परिषदेत गेले. साहेबांच्या केबिनबाहेर तीन तास उभी होते, तीनदा परत फिरले, जिन्यापर्यंत गेले अन् पुन्हा वर आले. मग आत जाऊन मोठ्यानं म्हटलं, "सर, मला हीच जागा पाहिजे." साहेब म्हणाले, "मॅडम, ती लई आत आहे, तिथं कोणी मागून जात नाही. हिंगोलीजवळची देतो." मी म्हटलं, "न्हाई, हीच." आयुष्यात पहिल्यांदा तोंडानं काही मागितलं अन् ते मिळालं. ऑर्डर माझ्या हातात आहे.

अमेरिकेचं तिसऱ्यांदा भरणार का ते मला आज ठाऊक नाही. माय म्हणते भर. बघू.

यंदा पीजीची परीक्षा जूनमध्ये म्हणतात. सोमवारी, एकतीस तारखेला सकाळी साडेआठला मी तुझ्या ओपीडीत बसते. सगळे दिवस, सगळ्या रात्री, डिलिव्हरी, लसीकरण, पोस्टमार्टेम, मीटिंगा. जूनपर्यंत. तू क्वार्टरचं दार लावून घे अन् पुस्तक उघड. माझ्याशी बोलायची गरज नाही. डबा दाराशी ठेवत जाईन. येऊ नको म्हणायचं असेल तर म्हण, पण ऑर्डर सरकारी आहे, मी तरीही येणार.

दोन महिन्यांचे तीन होतील. वरचा महिना टायफॉइडचा धर.

तुझ्या आईबाबांना नमस्कार. स्वप्निलला सांग, माझा नंबर घे अन् खुशाल विचार, जे चुकलं तेच सांगेन.

तुझे दिवस जिच्याकडे राहिलेत ती,
वैष्णवी

ता. क. कॅलेंडर आणते येताना. गोल तू कर.