सासूबाईंचे 'निराधार' छायाचित्र मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. प्रसिद्धी अधिकारी,
समाज साहाय्य विभाग

विषय : आपल्या जाहिरातीतील वृद्धा निराधार नसून अर्जदाराच्या सासूबाई असल्याबाबत.

संदर्भ : सर्व वर्तमानपत्रांत व वाहिन्यांवर सलग सत्तावीस दिवस झळकत असलेली 'हिचं कुणीच नाही' ही जाहिरात.

महोदय,

अर्जदार व्यवसायाने शिंपी असून सासूबाई गेली तीन वर्षे त्याच्याच घरी राहतात. आपल्या विभागाच्या छायाचित्रकाराने त्यांचा फोटो अर्जदाराच्या दुकानाच्या पायरीवर, कोणालाही न विचारता काढला. त्या दिवशी कवळी दुरुस्तीला दिलेली असल्याने त्यांचे गाल बसलेले होते. अंगावरची विटकी शाल शिलाई यंत्रावर झाकायची असून त्यांची स्वतःची धुवायला टाकली होती. त्यांच्या नजरेत वाहिनीवरच्या वृत्तनिवेदिकेला जी 'अथांग वेदना' दिसली, ती समोरच्या चहाच्या दुकानातले भांडण नीट ऐकू येत नसल्यामुळे होती. त्या नुकत्याच पोटभर जेवून बसल्या होत्या, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

जाहिरात पहिल्या पानावर आली तेव्हा सासूबाई स्वतःच भडकल्या. "मी काय रस्त्यावर पडल्ये?" असे म्हणून त्यांनी पेपर भिरकावला. पण आठवड्याभरात वाहिन्यांवर 'कुठे आहेत तिची माणसं?' अशी चर्चा सुरू झाली. चार तज्ज्ञ बसले. त्यांपैकी एकाने केवळ सुरकुत्यांवरून तिच्या घरच्यांचा, म्हणजे पर्यायाने अर्जदाराचा, स्वभाव सांगितला. पाठोपाठ लोकांनी पायरी ओळखली व दुकानासमोर रीघ लागली. आजमितीस घरात अकरा ब्लँकेटे जमा आहेत.

अर्जदाराचे जुने गिऱ्हाईक असलेले मास्तर अर्धवट शिवलेली पँट परत घेऊन गेले. जाताना म्हणाले, "आधी घरच्यांकडे बघा, मग आमची कंबर मोजा." सासूबाईंनी मात्र दरम्यान आपला विचार बदलला होता. रोज सकाळी दहाला त्या कवळी काढून डबीत ठेवतात, यंत्रावरची शाल ओढून घेतात आणि कामावर गेल्यासारख्या पायरीवर जाऊन बसतात.

अर्जदार आपल्या कार्यालयात दोनदा येऊन गेला. खिडकीवरील लिपिकाने विचारले, "लाभार्थी समाधानी आहे ना? मग तुमची तक्रार कसली?" मोहीम यशस्वी ठरल्याने तिला महिनाभर मुदतवाढ मिळाल्याची आनंदवार्ताही त्यांनीच दिली. नाइलाजाने अर्जदाराने एका वार्ताहरास घरी बोलावले आणि सासूबाईंना खरे काय ते सांगण्याची विनंती केली. त्यांनी पदराने नाक पुसले आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणाल्या, "जावई चांगला आहे हो." दुसऱ्या दिवशीचा मथळा होता : 'छळ सोसूनही ती म्हणते, जावई चांगला!'

यावर अर्जदाराचा तोल गेला, हे तो प्रामाणिकपणे कबूल करतो. "या घरात तुम्हाला कमी काय आहे?" असे तो ओरडला. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "कमी काहीच नाही. पण तीन वर्षांत 'जेवलात का' याच्यापुढे कुणी काही विचारलंत? ही परकी माणसं विचारतात, आजी, लहानपणी तुम्ही काय करायचात."

अर्जदाराची पत्नी, म्हणजे त्यांची सख्खी मुलगी, तेव्हा कणीक मळत होती. उत्तर तिलाही ठाऊक नव्हते. मग अर्जदाराने यंत्र बंद केले, समोर स्टूल ओढले आणि तोच प्रश्न विचारला. भावांच्या आधी झाडावर चढणे, वरून शेजाऱ्यांच्या टोप्या उडवणे आणि पकडले गेल्यास धाकट्या भावाचे नाव सांगणे, असे ते उत्तर निघाले. त्या दिवशी यंत्र पुन्हा सुरू झालेच नाही.

तरी जाहिरात तात्काळ थांबवून 'निराधार' हा शब्द मागे घेण्यात यावा, ही विनंती. अर्ज सासूबाईंना वाचून दाखवला असता त्यांची एकच दुरुस्ती आली : जाहिरात बंद करा, माणसं येऊ द्यात. त्यानुसार अर्जदाराने दुकानाबाहेर बाक टाकला आहे. आपण चौकशीस यावेच. मात्र सासूबाई एका भावावर थांबत नाहीत आणि त्यांना भाऊ पाच होते, हे ध्यानात घेऊन अख्खी दुपार मोकळी ठेवून यावे.

सोबत : दोन्ही कात्रणे.

आपला नम्र,
आणि सध्या गावभर कुप्रसिद्ध असलेला,
जावई
(सही)
दिनांक : ९ ऑक्टोबर